काळी विहीर मोजणाऱ्या मॅडम

तरे मॅडमना खुर्ची लागत नसे. बोईसरच्या आमच्या कॉलेजात, फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये, त्यांच्या नावाची एक खुर्ची होती. पण तिच्यावर कायम दुसऱ्या कुणाची तरी पिशवी असायची, कारण ती रिकामीच राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम उभ्यानं पेपर तपासत, उभ्यानं डबा खात, आणि शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत अशा येरझारा घालत की मागच्या बाकावरच्यांची मान दुखायला लागायची.

दुसरी खोड बोलण्यातली. कुणी कसलाही आकडा सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"मॅडम, पाच मिनिटांत आले."

"अधिक-उणे किती?"

प्रयोगवहीत आम्ही उत्तर लिहायचो आणि त्यापुढे अधिक-उणेचं चिन्ह विसरायचो, तेव्हा त्या वही परत करायच्या. आकडा चुकीचा असला तर एकवेळ चालेल, पण तो किती चुकलेला असू शकतो हे सांगितलं पाहिजे. "अधिक-उणे नसलेला आकडा म्हणजे नुसती बातमी," असं म्हणायच्या. हे फक्त वर्गापुरतं नव्हतं. स्टेशनला जाताना टमटमवाल्याला विचारायच्या, "कितना टाइम लगेगा, भैया?"

"दस मिनट."

"प्लस-मायनस?"

"मैडम, फाटक बंद मिला तो भगवान जाने."

"हे खरं उत्तर," असं आमच्याकडे वळून म्हणत मॅडम टमटममध्ये चढायच्या.

मी बेटेगावची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील एमआयडीसीत ड्रम भरायच्या कामाला होते. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटायची. मॅडमनी ती भीती समजूत घालून नाही घालवली. एकदा चालता चालता माझ्या बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, "वैशाली, हे तुला किती कळलं? अधिक-उणे सांग."

मी घाबरून म्हटलं, "अर्धं, मॅडम. अधिक-उणे अर्धं."

म्हणजे सगळं कळलं असेल, नाहीतर काहीच नाही. वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हिनं खरं सांगितलं," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासून शिकवते." आणि फळा पुसला.

मॅडमची स्वतःची पीएचडी तेव्हा चालू होती. ती बरीच वर्षं चालूच होती. विषय होता एका दूरच्या दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या एका ताऱ्यांच्या मेळ्याच्या, मधोमध बसलेलं महाकाय कृष्णविवर किती जड आहे हे काढायचं. कृष्णविवर दिसत नाही. पण त्याच्या भोवती थंड वायूची एक तबकडी फिरत असते, आणि मधलं जितकं जड, तितका तो वायू जोरात फिरतो. हा वायू रेडिओ लहरी सोडतो. चिलीच्या वाळवंटात रेडिओ दुर्बिणींचा मोठा ताफा आहे, तिथली निरीक्षणं काही काळानं सगळ्या जगाला खुली होतात. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत बसून, म्हणजे उभं राहून, मॅडम ती उतरवून घेत. तबकडीची जी बाजू आपल्याकडे येते तिच्या लहरी जरा दाटतात, जी लांब जाते तिच्या जरा पसरतात. त्यावरून वेग, आणि वेगावरून मधल्याचं वस्तुमान. ऐकायला सोपं.

अडचण एकच होती, तबकडीचा कल. "निवडणुकीच्या टीव्हीवर दाखवतात तो कल नाही," मॅडम सांगायच्या, "होडी कलते, तसा." आणि आमच्या कुणाच्या तरी डब्याचं झाकण उचलून ते हवेत तिरकं धरायच्या.

हे आम्हाला खरं समजलं ते आमच्या गावच्या जत्रेत. मीच मॅडमना बोलावलं होतं. आईनं त्यांच्यासाठी भाकऱ्या टाकल्या होत्या. पण मॅडमची नजर गेली लाकडी घोड्यांच्या चक्राकडे. त्यांनी मला घोड्यावर बसवलं, हातात शिट्टी दिली आणि सांगितलं, एकसारखी फुंकत राहा. स्वतः बाहेर फोन धरून उभ्या. फोनमध्ये आवाजाची पट्टी मोजायची सोय होती. मी समोरून येताना शिट्टी किंचित चढी, लांब जाताना किंचित उतरलेली. चक्राचा मालक वैतागला.

"मैडम, ये झूला है, बारात नहीं है. सीटी बंद कराओ."

"भैया, और एक राउंड. टिकट डबल दूँगी."

मग त्या धावत शेजारच्या शाळेच्या गच्चीवर गेल्या. मी फुंकून फुंकून लालबुंद झाले होते. गच्चीवरून त्या ओरडल्या, "फरक कमी झाला!" अगदी चक्राच्या डोक्यावर जाता आलं असतं, तर फरक उरलाच नसता. वरून बघणाऱ्याकडे कुठलाच घोडा येत नाही आणि त्याच्यापासून कुठलाच लांब जात नाही. चक्र तेवढ्याच वेगानं फिरतं, पण तुम्हाला वाटतं, हळू आहे.

"माझी तबकडी मला जवळजवळ वरून दिसते," खाली येऊन धापा टाकत मॅडम म्हणाल्या. "कलाचा अंदाज जरा चुकला की वस्तुमान कुठच्या कुठे जातं."

"मग दुसरी घ्यायची ना, मॅडम. कडेनं दिसणारी."

"सोप्या तबकड्या मोठ्या लोकांनी आधीच वाढून घेतल्या गं."

भाकऱ्या त्यांनी आमच्या ओट्यावर उभ्यानंच खाल्ल्या. आईला ते फार लागलं. "बाईंना बसाया पाट दिला तरी बसल्या नाय," असं ती अजून सांगते.

आता नाना चुरी. चिंचणीच्या वाटेवर त्यांची चिकूची वाडी. त्यांचा पुतण्या आमच्या वर्गात होता, त्यानं घरी जाऊन सांगितलं की आमच्या मॅडम कृष्णविवर मोजतात. विवर कुठे आणि विहीर कुठे. नानांच्या कानापर्यंत जे पोचायचं ते पोचलं. एक दिवस चिकूंची पिशवी घेऊन ते कॉलेजात हजर.

"तुमी काली विहीर मोजता म्हणं?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "मोजते."

"आमची बी मोजा. तली कालीच हाय. मे महिन्यात पानी पुरल का नाय, येवडंच सांगा."

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. मॅडम शुक्रवारी वाडीत गेल्या. दोरीला दगड बांधून विहिरीच्या काठानं फिरत त्यांनी ठिकठिकाणी खोली मोजली, कारण तळ सपाट नसतो. मग नानांना सांगितलं, पाणी इतके हात आहे, अधिक-उणे एक हात.

"ते अधिक-उणे काय? पानी पुरल का?"

"ते नाही सांगता येत, नाना. झरे किती आहेत ते मला नाही कळलं."

नाना पुतण्याकडे वळून म्हणाले, "ही पयली मानूस, जी नाय सांगता येत म्हनते. आपल्या गावात बाकी सगल्यांना सगलं म्हायती हाय." त्या दिवसापासून ते मॅडमचे भक्त झाले. कृष्णविवर विहीर नव्हे, हे त्यांना आम्ही पुष्कळदा समजावलं. ते मान हलवायचे आणि पुढच्या वेळी परत विहीरच म्हणायचे.

मॅडमची आई दातिवऱ्याला राहायची. मासळी सुकवून विकायची. मुलगी डॉक्टर होणार हे तिनं सगळ्या बाजारात सांगून ठेवलं होतं. मी एकदा मॅडमबरोबर तिथे गेले होते. अंगणात बोंबील वाळत होते आणि आय पाय पसरून बसली होती.

"कवा होतेस गो डाक्टर? माजं गुडघं थांबलं हायत तुज्यासाठी."

"आय, मी ती डॉक्टर नाय होणार. गुडघ्याची नाय."

"मग कशाची?"

मॅडमनी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. "विहिरीची."

"बरं," आय म्हणाली, "पण माज्या डोल्यांदेखत हो." ते थट्टेत म्हटलं होतं, पण मॅडम वळल्या आणि समुद्राकडे चालत गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या.

पुढे माझं शिक्षण झालं आणि मी बोईसरच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये लागले. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. शुक्रवारीच दुरुस्तीसाठी लाइट जायची आणि मॅडमचा संगणक बंद पडायचा. तो दिवसच्या दिवस एकेक कल लावून, एकेक वस्तुमान धरून, दुर्बिणीच्या चित्राशी जुळवत बसलेला असायचा. शुक्रवार जवळ आला की मॅडम कासावीस व्हायच्या. बॅटरी तासाभरात मान टाकायची. मग त्या खोलीबाहेर पडायच्या, आणि मी सुट्टीची मोकळी असायची. अशी आमची शुक्रवारची भेट ठरून गेली. बोलायचं ते चालता चालता.

विद्यापीठातली त्यांची नोंदणी शेवटच्या मुदतवाढीवर आली होती. मुदत संपली की इतक्या वर्षांचं काम नोंदणीसकट बाद. निवृत्तीही फार लांब नव्हती. मुंबईचे त्यांचे मार्गदर्शक सर भले गृहस्थ, त्यांनाच मॅडमपेक्षा जास्त काळजी. सरांचा कल आकडा देण्याकडे होता. ते म्हणाले, "बाहेरच्या मोठ्या, ताऱ्यांच्या तबकडीचा कल प्रकाशाच्या चित्रावरून माहीत आहे. तोच आतल्या वायूला लावा. सगळेच कधी ना कधी लावतात. स्वच्छ आकडा येईल. प्रबंध बांधून टाका."

मॅडमनी तसं केलं. आकडा आला, त्याला नेटकं, छोटंसं अधिक-उणे लागलं, प्रबंध गेला.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी फोन केला. "अर्ध्या तासात येते, मॅडम."

"ये," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांनी विचारलं नाही. मग आठवू लागले तर, कितीतरी आठवड्यांत त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. टमटमवाल्यालाही नाही. चालणं मात्र वाढलं होतं. माझी दमछाक व्हायची.

तोंडी परीक्षेची तारीख लागली. आणि नानांनी नाक्यावर फ्लेक्स लावला.

एका बाजूला नारिंगी कड्यासारखं कृष्णविवर, दुसऱ्या बाजूला ओळखपत्रावरचा मॅडमचा घाबरलेला फोटो, आणि खाली मॅडमपेक्षा मोठे नाना, गॉगल लावलेले. मजकूर असा: 'आपल्या बोईसरची शान डॉ. कुंदाताई तरे यांनी कृष्णविहिरीचे वस्तुमान मोजून पीएच.डी. पदवी प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: नाना चुरी आणि मित्रपरिवार.'

"नाना, परीक्षा अजून व्हायची आहे," मी म्हटलं.

"होल ना! पुढं गणपती येतात, छापनारा बिजी होनार. मग कवा छापनार?"

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी मॅडम मला त्या फ्लेक्सखालीच भेटल्या. हातात डब्याची दोन झाकणं होती, एक मोठं, एक लहान. काही न बोलता त्यांनी मोठं तिरकं धरलं आणि लहान त्याच्या आत वेगळ्याच बाजूला कलतं धरलं.

"आतली तबकडी बाहेरच्यासारखी कललेली नाहीये, वैशाली. अगदी मधल्या वायूचा फिरण्याचा अक्षच वळलाय. प्रबंध दिल्यावर परत बघत बसले होते. राहवलं नाही."

"मग आकडा?"

"चौपट असू शकेल. किंवा निम्मा."

"परीक्षकांना कळेल?"

"प्रबंधात आतल्या वायूचं चित्रच नाही. कसं कळेल?"

डोक्यावर 'डॉ.' फडफडत होतं. बाजूनं टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, हिंदीतल्या शिव्या. मॅडम फ्लेक्सच्या बांबूभोवती चालत राहिल्या, झाकणं हातात तशीच. मला सांगावंसं वाटलं की गप्प राहा. आय आहे, निवृत्ती आहे, आणि कुणाचं काय बिघडणार आहे त्या दीर्घिकेतल्या आकड्यानं? पण त्यांनी मला विचारलं नव्हतं.

परीक्षेला आम्ही नानांच्या ईको गाडीतून गेलो. पुढे ड्रायव्हरजवळ नाना, मांडीवर पेढ्यांचा मोठा खोका. मागे मी, मॅडम आणि दातिवऱ्याहून आलेली आय, नवं लुगडं नेसून. विद्यापीठाच्या खोलीत मॅडमना एक खुर्ची दिली होती आणि त्या तिच्यावर बसल्या. सादरीकरण संपल्यावरही प्रश्नोत्तरं होईतो बसूनच होत्या, हात मांडीवर. इतका वेळ त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळं छान चाललं होतं. परीक्षक खूश होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक. आणखी काही सांगायचंय?"

मॅडम उठल्या. फळ्याकडे गेल्या. दोन वर्तुळं काढली, एकात एक, दोन दिशांना कललेली. आणि सगळं सांगितलं. आपलाच आकडा त्यांनी फळ्यावर लिहून पुसला आणि तिथे खालची आणि वरची अशा दोन दूरदूरच्या सीमा लिहिल्या. "या निरीक्षणांवरून याहून जास्त काही म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या.

मार्गदर्शक सर टेबलाकडे बघत होते. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे आम्ही विचारलं नव्हतं."

"हो सर. पण मला कळलंय ना."

आम्हाला बाहेर बसवलं. मॅडम व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. मग त्यांना आत बोलावून सांगितलं: प्रबंधाचा मुख्य दावा उभा राहत नाही, काम नव्यानं करावं लागेल, आणि मुदत संपल्यामुळे नोंदणीही नवी. परीक्षकांनी हात मिळवला म्हणे. तेवढंच.

गाडीपाशी थांबलेल्या आयनं विचारलं, "झालीस?"

"नाय, आय."

"का?"

"मोजलेलं चुकलं असंल, असं मीच सांगितलं त्यांना."

"तूच सांगितलंस? येडी काय गो तू!"

नानांना पेढ्यांचा खोका कुठे ठेवावा कळेना. एकदा टपावर ठेवला, एकदा बॉनेटवर. शेवटी आयनंच तो ओढला, दोरी तोडली आणि एक पेढा तोंडात टाकला. "आनलेत तर खावा. की सुकवायचे हायत?"

मनोरला चहाला थांबलो. गाडीत परत बसताना मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, "इथून बोईसरला किती वेळ?"

"पाऊण तास."

"अधिक-उणे?"

मी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, आणि मला रडू येत होतं की हसू, ते अजून नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी फ्लेक्स काढायला माणूस पाठवला. मॅडम तिथे आधीच पोचल्या होत्या. "शिडी ठेव," म्हणाल्या. स्वतः वर चढल्या आणि काळ्या मार्करनं 'डॉ.'च्या अगोदर मोठं अधिक-उणेचं चिन्ह काढलं. खाली टमटमवाले जमले होते.

"ये क्या निशान है, मैडम?"

"पक्का नहीं है," मॅडम शिडीवरून म्हणाल्या.

फ्लेक्स तसाच राहिला. गणपतीत त्यावर दुसरे फ्लेक्स लागले, निघाले. नाना आल्यागेल्याला सांगायचे, "ते गणिताचं हाय. तुमाला नाय कलनार."

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते दातिवऱ्याला. निवृत्त होऊन त्या आयजवळ राहायला गेल्या होत्या. नवी नोंदणी केली होती. मधल्या काळात त्याच दीर्घिकेची आणखी स्पष्ट निरीक्षणं कुणीतरी घेतली होती आणि ती खुली व्हायची वाट त्या बघत होत्या. घरात फोनला रेंज नव्हती, म्हणून घटकाघटकाला किनाऱ्यावर जाऊन बघून यायच्या. फ्लेक्स परसात होता, सरपणाच्या ढिगावर दगड ठेवून अंथरलेला. नानांचा गॉगल दुमडून लाकडांखाली गेला होता, पण ते चिन्ह आणि त्यापुढचं 'डॉ.' अगदी वर होतं. उन्हानं अक्षरं विटली होती. मार्करची शाई तशीच काळी होती.

मी निघाले तेव्हा मॅडम परत किनाऱ्याकडे चालल्या होत्या, फोन डोक्यावर उंच धरून. ओट्यावरून आयनं हाक मारली, "कुंदा गो, जेवाया कवा येतेस?"

"दहा मिनिटांत, आय!"

आयनं कपाळावर हाताचा आडोसा केला आणि ओरडून विचारलं, "अधिक-उणे?"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. मागे वळून त्यांनी आयकडे पाहिलं. मग फोन पुन्हा उंच धरून वळल्या आणि वाळूवरून, आधीपेक्षा भराभर, पुढे चालू लागल्या.